मोटारीच्या चाकाचा स्टड : एक अभ्यासपाठ

१९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीने कुर्ला येथील कारखान्यातून मुंबईला ‘पद्मिनी’ दिली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपातील ही गाडी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी शहराच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. कुर्ला, भांडुप, मुलुंड या पट्ट्यातील कारखान्यांत राबलेल्या पिढीला नट-बोल्टाची भाषा अवगत होती. आज आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या दारी स्वतःची गाडी उभी आहे. काहींचा तर तोच चरितार्थ आहे. ती भाषा मात्र मागे पडत आहे. म्हणून येथे एका लहानशा भागाचा विचार करू.

चाक ज्यावर बसते त्या हबच्या तबकडीतून बाहेर आलेला, आटे पाडलेला पोलादी दांडा म्हणजे स्टड. मारुती, ह्युंदाई यांच्या बहुतेक गाड्यांत स्टडवर नट आवळतात. फोक्सवॅगन व स्कोडा यांच्या गाड्यांत बोल्ट थेट हबमध्ये जातो; त्यांना हा पाठ लागू नाही.

चाक कशामुळे जागेवर राहते? ते स्टडवर टांगलेले असते, हा समज अपुरा आहे. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो व मूळ लांबीकडे परतू पाहताना चाकाला हबवर दाबून धरतो. त्या दाबातून उपजणारे घर्षण चाकाला जखडून ठेवते. १२ मिलिमीटर व्यासाचा स्टड १०० न्यूटन-मीटरने आवळला, तर सुमारे ४ टन दाब निर्माण होतो. नट सैल पडला की दाब घटतो, चाक सूक्ष्म हालू लागते, स्टड प्रत्येक फेऱ्यागणिक वाकतो आणि अखेर तुटतो. याउलट, पान्यावर उभे राहून किंवा एअर गनने बेसुमार आवळल्यास तो मर्यादेपलीकडे ताणला जातो. तिरपा चढवलेला नट आटे खातो. पावसाळ्याचा गंज त्यात भर घालतो. एक स्टड तुटला म्हणजे शेजाऱ्यांनी त्याचा भार सोसलेला असतो. दोन तुटले असतील किंवा गाडी सैल चाकावर चालली असेल, तर त्या चाकाचे सर्व स्टड व नट बदलावेत.

१८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचे समान मानक मांडले. त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. मानके आली, तरी गाडीगणिक व्यास, आटे व दात्यांचे माप बदलते. म्हणून गाडीच्या मॉडेलचाच स्टड घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानातील साधा बोल्ट हा पर्याय नव्हे.

जागा सपाट हवी. घाटकोपरच्या टेकडीवरील उतार किंवा इमारतीच्या तळघराचा रॅम्प नको. गाडी गिअरमध्ये ठेवून विरुद्ध टोकाच्या चाकांना पुढे-मागे गुटके लावावेत. मागच्या चाकाचे काम असेल, तर गुटके लावल्यावर हँडब्रेक सोडावा. नाहीतर ड्रम निघत नाही. नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असत, हे तशी गाडी बाळगणाऱ्याने ध्यानी ठेवावे. गाडी उचलल्यावर खाली जॅक स्टँड लावावा. केवळ जॅकच्या भरवशावर हात घालू नये.

चाक व ड्रम काढावा. डिस्क ब्रेक असल्यास कॅलिपर सोडून तारेने टांगावा. त्याचा भार होजवर येऊ देऊ नये. तुटलेला स्टड मागच्या मोकळ्या जागेसमोर येईल असा हब फिरवावा. स्टड दात्यांनी घट्ट बसलेला असतो. त्यावर घणाचे घाव घातल्यास बेअरिंगला इजा होते; सी-क्लॅम्पसारख्या दाब देणाऱ्या अवजाराने तो मागे ढकलावा. नवा स्टड मागून घालावा, दाते जुळवावेत, पुढून जाड वॉशर चढवून जुना नट सपाट बाजू आत करून हळूहळू आवळावा. स्टडचे डोके मागे पूर्ण टेकेपर्यंत तो ओढला जातो. मग तो जुना नट टाकून द्यावा.

चाक बसवताना हबचा पृष्ठभाग घासून स्वच्छ करावा. आट्यांना तेल लावू नये : घर्षण घटले की तेवढ्याच टॉर्कला स्टड अधिक ताणला जातो. नट हाताने चढवून समोरासमोर क्रमाने आवळावेत. गाडी खाली उतरवल्यावर टॉर्क रेंचने शेवटचे आवळणे करावे. लहान गाड्यांत ते साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. निघण्यापूर्वी ब्रेकचे पेडल कडक होईपर्यंत दाबून पाहावे.

काही गाड्यांत हबच्या मागे स्टड निघण्याएवढी जागाच नसते. तेथे हब उतरवून बेअरिंग प्रेसवर काम करावे लागते. तेथे थांबावे आणि गॅरेज गाठावे. आपली मर्यादा ओळखणे हादेखील ज्ञानाचाच भाग आहे.

नवे भाग एकमेकांत बसताना दाब थोडा उतरतो. म्हणून ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. पूर्व द्रुतगती मार्गावर निखळलेले चाक कोणाच्या अंगावर जाईल, हे चालकाच्या हाती उरत नाही. ती पाच मिनिटांची तपासणी मात्र त्याच्याच हाती आहे.