बरं वाटतंय, हा पुरावा नव्हे

उच्च रक्तदाब आणि हृदयाचे अनियमित ठोके, हे दोन्ही सोबत घेऊन जगणाऱ्यांपैकी मी एक. माझ्यासारख्यांना मला एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे: ‘आता बरं वाटतंय’ एवढ्यावर औषधांचा कोणताही निर्णय घेऊ नका. ठोक्यांच्या ‘एट्रिअल फिब्रिलेशन’ या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकली की पक्षाघात होतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीवरून १९९१ साली मांडलेला निष्कर्ष असा की या विकारात पक्षाघाताचा धोका जवळपास पाचपट होतो. त्यात रक्तदाबाची भर पडते. वर्षानुवर्षं दाब सोसून डावा वरचा कप्पा ताणला जातो, ठोके बिघडायला तिथूनच वाट मिळते, आणि तोच दाब मेंदूच्या रक्तवाहिन्याही कमकुवत करत असतो. म्हणून बीपीची एक फाइल आणि ठोक्यांची दुसरी, अशी वाटणी मला घातक वाटते.

यावर पहिला प्रश्न हमखास येतो: धडधड थांबली, ईसीजी नॉर्मल आला, मग रक्त पातळ करणारी गोळी कशाला? याचं उत्तर २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अफर्म’ या मोठ्या चाचणीत आहे. चार हजारांहून अधिक रुग्णांपैकी काहींचे ठोके नियमित करण्यावर भर दिला होता, तर काहींची फक्त गती आटोक्यात ठेवली होती. दोन्ही गटांत बहुतेक पक्षाघात झाले ते वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी बंद केल्यावर किंवा तिचा परिणाम मोजणारा आयएनआर हवा त्यापेक्षा कमी असताना. ठोके ताळ्यावर आले म्हणून धोका टळत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, आधी झालेला पक्षाघात यांचा हिशोब तसाच राहतो. कित्येकांना तर हा विकार असूनही धडधड जाणवत नाही. मग न जाणवणाऱ्या गोष्टीच्या भरवशावर गोळी बंद कशी करायची?

दुसरी शंका रक्तस्रावाची, आणि ती रास्त आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने रक्तस्राव होऊ शकतो. पण हा धोका मोजताना डॉक्टर जे मुद्दे धरतात, त्यांत १६० च्या वर गेलेला वरचा रक्तदाब आहे, मद्यपान आहे आणि दुखण्यावरच्या गोळ्याही आहेत. म्हणजे भीतीचं बरंचसं कारण आपल्याला बदलता येण्याजोगं आहे. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन रक्तदाबही चढवते आणि पोटातल्या रक्तस्रावाची शक्यताही वाढवते. सोडायचीच असेल तर आधी ती गोळी सोडा. ‘त्यापेक्षा ॲस्पिरिन बरी’ हेही टिकत नाही. २०११ च्या ‘ॲव्हेरोज’ चाचणीत ॲपिक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीने ॲस्पिरिनच्या तुलनेत पक्षाघात निम्म्याहून कमी झाले, आणि मोठे रक्तस्राव मात्र जवळपास सारखेच राहिले. अर्थात, संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्यांसाठी आजही वॉरफरिनच योग्य ठरते, त्यामुळे शेजाऱ्याची गोळी पाहून आपली बदलू नये.

तिसरा आक्षेप यंत्रावरचा: ठोकेच अनियमित, तर घरचं बीपीचं यंत्र खरं कसं सांगेल? एका मोजणीवर विसंबू नये, हे खरंच. प्रत्येक ठोक्यागणिक दाब बदलतो, त्यामुळे आकडे वरखाली होतात. म्हणून चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या, खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं न बोलता बसा, हात हृदयाच्या पातळीवर ठेवा. एकेक मिनिटाच्या अंतराने तीनदा मोजा आणि सरासरी वहीत लिहा. मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की अनियमित ठोक्यांत हमखास चूक होते. आठवडाभराची अशी वही डॉक्टरांना दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगते.

२०२४ च्या युरोपीय मार्गदर्शनात या विकाराच्या उपचारांत पहिलं स्थान सोबतच्या आजारांना दिलं आहे. रक्तदाबाचं तिथलं उद्दिष्ट, सोसत असेल तर, वरचा १२० ते १२९ आणि खालचा ७० ते ७९. तिथवर पोचायला मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत हवं, आणि पापड, लोणचं, फरसाणातलं मीठही त्यात धरायला हवं. चक्कर आली, नाडी फार मंदावली, तर मेटोप्रोलॉलसारखी ठोक्यांची गती कमी करणारी गोळी मनाने एकदम थांबवू नका, डॉक्टरांना लगेच कळवा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर मात्र सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय तातडीने गाठायचं. रक्त पातळ करणारी कोणती गोळी चालू आहे आणि शेवटची किती वाजता घेतली, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. त्या वेळी डॉक्टर पहिल्या काही प्रश्नांतच ते विचारतात, आणि पुढचे उपचार त्या उत्तरावर ठरतात.