मागील पिढीस दोष देणें कितपत न्याय्य?

तरुणांस वडील माणसें जुनाट वाटावीं आणि वडिलांस तरुण उद्धट वाटावे, हा क्रम फार पुरातन आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकापुढें हाच प्रश्न अधिक गंभीर रूपानें उभा राहतो. बालविवाह, विधवांची दुर्दशा, अस्पृश्यता यांचीं वर्णनें वाचून विद्यार्थी संतापानें म्हणतो, "आपल्या पूर्वजांनीं हें चालूं तरी कसें दिलें?" त्यावर कोणी उत्तर देतो, "काळच तसा होता. आजच्या मापानें त्यांस मोजूं नये." या दोन्ही उद्गारांत सत्याचा अंश आहे, पण पूर्ण सत्य एकांतही नाहीं. एका सुप्रसिद्ध उदाहरणावरून याचा विचार करूं.

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे (१८४२-१९०१) हे विधवाविवाहाच्या चळवळीचे एक प्रमुख पुरस्कर्ते होते. १८७३ सालीं त्यांची प्रथम पत्नी वारली. त्याच वर्षीं वडिलांच्या आग्रहास मान देऊन त्यांनीं पुनः विवाह केला, आणि तो विधवेशीं नव्हे, तर अकरा वर्षांच्या एका कुमारिकेशीं. त्या वेळीं त्यांचें स्वतःचें वय एकतीस होतें. या कृत्याबद्दल त्यांस तेव्हांही दोष देण्यांत आला व आजही देण्यांत येतो. तो न्याय्य आहे काय?

प्रथम हें पाहिलें पाहिजे कीं, दुसरा मार्ग त्या काळीं कोणास ठाऊक होता किंवा नाहीं. जी गोष्ट त्या युगांत कोणाच्या स्वप्नींही नव्हती, ती न केल्याबद्दल कोणास अपराधी ठरवितां येत नाहीं. परंतु विधवाविवाहास कायद्याची मान्यता १८५६ सालींच मिळाली होती, आणि १८६९ सालीं मुंबईच्या सुधारकांनीं तसा एक विवाह घडवूनही आणला होता. तेव्हां मार्ग अज्ञात नव्हता; रानड्यांस तर तो इतरांहून अधिक ठाऊक होता. यास्तव "काळच तसा होता" ही सबब येथें पुरी पडत नाहीं. त्यांच्यावरील टीका आजच्या मापानें केलेली नसून त्यांनीं स्वतः पुरस्कारिलेल्या मापानेंच केलेली आहे.

दुसरी गोष्ट, त्या मार्गाचें मोल काय होतें, हेंही पाहिलें पाहिजे. एका बाजूस वृद्ध पित्याचें मन व दुसऱ्या बाजूस तत्त्व, असा तो पेंच होता. पुढें १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं पत्नीच्या मृत्यूनंतर विधवेशीं विवाह केला, तेव्हां मुरुडच्या ग्रामस्थांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याची झळ त्यांच्या आप्तांसही लागली. जें मोल आपणांस द्यावें लागत नाहीं, तें दुसऱ्यानें कां दिलें नाहीं असें विचारणें सोपें आहे. मोल जाणल्यानें दोष नाहींसा होत नाहीं. पण टीकाकाराच्या वाणींतील अहंकार मात्र गळून पडतो.

तिसरी गोष्ट म्हणजे संपूर्ण आयुष्याचा हिशेब. विवाहानंतर रानड्यांनीं रमाबाईंस शिकविण्यास आरंभ केला, आणि घरांतील स्त्रियांचा विरोध असतांही तो क्रम सोडला नाहीं. १९०९ सालीं पुण्यास सेवासदनाची स्थापना झाली तींत याच रमाबाईंचा पुढाकार होता. हें जमेच्या बाजूस मांडलेंच पाहिजे. तथापि जमेमुळें खर्च पुसला जात नाहीं. त्या अकरा वर्षांच्या मुलीची संमति कोणीं विचारली नव्हती, हें सत्य पुढील सुपरिणामांनीं खोटें ठरत नाहीं.

आणखी एक सूक्ष्म चूक आहे, ती टाळावी. "मागील पिढी" हा कोणी एक मनुष्य नव्हे. १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढणारे जोतीराव व सावित्रीबाई फुले त्याच पिढीचे, आणि त्यांस छळणारेही त्याच पिढीचे. त्यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ताबाई नांवाच्या मातंग समाजांतील मुलीनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदया'त छापला गेला. ताराबाई शिंदे यांचें 'स्त्रीपुरुषतुलना' हें पुस्तक १८८२ सालीं निघालें. ज्यांच्यावर अन्याय झाला, तींही त्याच काळचीं माणसें होतीं आणि तीं बोललीं होतीं. सर्व पिढीस सरसकट दोष दिला तर यांच्यावर अन्याय होतो. आणि सर्व पिढीस सरसकट क्षमा केली तर यांचें बोलणें आपण दुसऱ्यांदा ऐकलें नाहीं असें होतें.

शेवटीं ही तुला आपणांकडे वळविली पाहिजे. आज कायद्यानें मुलीच्या विवाहाचें वय १८ आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकीं सुमारें २२ टक्के स्त्रियांचे विवाह अठराव्या वर्षापूर्वींच झालेले आढळले. रानड्यांच्या काळीं मुलीच्या विवाहवयास असें कायद्याचें संरक्षण नव्हतें. आपल्या काळीं तें आहे. मग एखादी वर्गभगिनी परीक्षेपूर्वींच शाळेंतून दिसेनाशी होते, तेव्हां आपण काय करतों? पुढील पिढी हें विचारील, आणि "काळच तसा होता" हें उत्तर आपल्या मुखीं मुळींच शोभणार नाहीं.

सारांश, वडील पिढीवर टीका करणें हा कृतघ्नपणा नव्हे. ती जाणतेपणानें करावी, मोल ओळखून करावी, व्यक्ति व्यक्तींत भेद राखून करावी. आणि ज्या मापानें त्यांस मोजलें त्याच मापाखालीं आपण प्रथम उभें राहावें. असें करणाराचीच टीका न्याय्य होय.