पहिला डिसेंबर तिथेच काढ

चिऊ, डिसेंबरची तिकिटं एवढ्यात काढू नकोस. काल फोनवर तू म्हणालीस, "मुलांना सुट्टी आहे, फलटणला आईकडे जाऊन येतो, तेवढीच थंडी चुकेल." तेव्हा मी काही बोलले नाही, कारण आईही फोनवर होती. आता निवांत सांगते. या वर्षी नको जाऊस. पहिला हिवाळा, निदान पहिला डिसेंबर तरी, वेस्टबीतच काढ.

थंडी चुकवायला म्हणून जाशील तर ती चुकणार नाही, हे आधी लक्षात घे. डिसेंबर हा हिवाळ्याचा नुसता उंबरठा. खरी थंडी जानेवारीत बसते आणि खरा कंटाळा फेब्रुवारीत येतो. डिसेंबरात निदान दारोदारी दिवे असतात, दुकानांतून गाणी असतात, माणसं एकमेकांकडे जातात. नेमके तेच दोन आठवडे तू तिथे नसशील, आणि परत येशील ती थेट अंधारात. मुलांचं झोपेचं चक्र उलटंपालटं झालेलं, शाळा सुरू, साडेचारला सूर्य मावळलेला, आणि गल्लीत ओळखीचं कुणी नाही. माझ्या माहितीतली कितीतरी मराठी कुटुंबं अशीच दर वर्षी डिसेंबरात उडून गेली आणि गावात कायम पाहुणीच राहिली. पुढे त्यांनी "इथली माणसं थंड आहेत" असं म्हणायचं, याचं मला फार वाईट वाटतं.

तुझं वेस्टबी अडीच हजारांच्या आतल्या वस्तीचं, माझं डेकोरा साडेसात हजारांचं. मिसिसिपीच्या अलीकडे आयोवा, पलीकडे तुझं विस्कॉन्सिन, पण मुलूख एकच. दोन्ही गावांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नॉर्वेची माणसं येऊन वसली. त्यांनी शेती केली, चर्च बांधली आणि नाताळ तिकडचाच ठेवला. डेकोराचं वेस्टरहाइम संग्रहालय 1877 पासून त्यांच्याच पेट्या, रंगवलेली कपाटं सांभाळतंय. आपलं घर सोडून आलेल्यांनी वसवलेली गावं आहेत ही. परक्या बर्फात आपले सण कसे टिकवायचे, हे त्यांच्या पणज्यांनी शोधून काढलंय. तुला शिकायला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

आमच्या पहिल्या नाताळाची गोष्ट तुला कधी नीट सांगितलीच नाही. शेजारच्या आजींनी लेफ्सा करायला बोलावलं होतं. बटाटे आदल्या दिवशीच उकडून, बारीक करून, लोणी आणि साय घालून गार करून ठेवलेले. त्यात लागेल तेवढाच मैदा. मग गोल पाटावर कापड ताणून, खाचा असलेल्या जाड लाटण्यानं लाटायचं, लांब चपट्या काठीनं अलगद उचलायचं आणि मोठ्या तव्यावर टाकायचं. आजींच्या सुनांचे फाटत होते, माझे फाटेनात. आजींनी लाटणं माझ्याच हातात ठेवलं आणि स्वतः तव्याशी उभ्या राहिल्या. दुपार उलटली तेव्हा मी त्या स्वयंपाकघरात पाहुणी उरले नव्हते. चिऊ, तुझा पोळीचा हात माझ्याहून हलका आहे. कुणी लेफ्सा करायला बोलावलं तर एका पायावर जा. कुणी बोलावलं नाही तर "मला शिकायचंय" असं आपणहून सांग. या बायका आग्रह करत नाहीत, पण विचारलंस तर नाही म्हणत नाहीत.

त्या दिवशी दारातच मला वेलदोड्याचा वास आला होता. मी चकितच झाले. नॉर्वेकडच्या नाताळच्या पदार्थांत वेलदोडा हवाच. युलेकाकं नावाच्या त्यांच्या गोड पावात तो असतो, आणि फॅटिगमन म्हणून शंकरपाळ्याच्या आकाराचा तळलेला पदार्थ असतो, त्यातही. पातळ पिठात लोखंडी साचा बुडवून तळलेल्या रोझेट्स तर तू ओळखशीलच, गोव्यात नाताळला अशाच करतात. आजींचा वेलदोडा बाटलीतला, वास उडालेला असायचा. मी आईनं दिलेला हिरवा वेलदोडा कुटून नेला आणि पुढे दर डिसेंबरात तो मीच पुरवायचा असं ठरूनच गेलं. मुलांनी पहिल्यांदा कुटला तेव्हा धाकट्याला खलबत्ता दोन्ही हातांनी धरावा लागला होता. आता तो कॉलेजातून घरी यायच्या आधी फोन करून विचारतो, वेलदोडा कुटला नाहीस ना अजून?

हेच तर तुला सांगायचंय, बाळ. मुलांच्या आठवणी आपण दिवाणखान्यात फलटणचे फोटो लावले म्हणून तयार होत नाहीत. त्या मुलं जिथे राहतात तिथेच, हातांनी काहीतरी करताना तयार होतात. माझ्या मुलांना फलटण आवडतं, मनापासून आवडतं. पण त्यांचं लहानपण कुठलं, तर टेकडीवरच्या घसरगाड्यांचं, आमच्या गावातल्या ल्यूथर कॉलेजच्या नाताळच्या कार्यक्रमात शेकडो मुलामुलींचा आवाज एकदम उठला तेव्हा अंगावर आलेल्या काट्याचं, आणि वीज गेली त्या रात्री सगळ्यांनी एकाच खोलीत घातलेल्या गाद्यांचं. ते त्यांच्याकडून काढून घ्यायचा आपल्याला काय अधिकार?

चर्चचं विचारत होतीस. बोलावलं तर जा. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मेणबत्त्या लावून गाणी म्हणतात, ते मुलांना दाखव. तुमच्याकडून कुणी काही कबूल करून घेत नाही, आणि शेजार राखायला गेलेल्या माणसाचा देव काही बाटत नाही. जेवणाचं मात्र सांभाळ. तुमच्याकडे मांसाहार नाही, म्हणून आधीच सांगते. रंगीत जेलीचं जे सॅलड मांडलेलं असतं त्यात जिलेटिन असतं, आणि ते जनावराचं असतं. मार्शमेलोतही तेच. तळणीला कधी चरबी वापरलेली असते. मोकळेपणानं विचार, कुणाला राग येत नाही. ल्यूटफिस्कची जेवणावळ असेल तर मुलांना नुसतं बघू दे. वाळवलेला कॉड मासा तीव्र क्षारात भिजवून, मग दिवसचे दिवस पाण्यात ठेवून शिजवतात आणि वर वितळलेलं लोणी ओततात. तिथली म्हातारी माणसं त्यासाठी मैलोन्‌मैल गाडी हाकत येतात. त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या लहानपणीच्या हिवाळ्याचं विचार. जेवण राहू दे बाजूला, त्या गोष्टी ऐकायला जा.

शेजाऱ्यानं न सांगता तुमच्या दारातला बर्फ काढला तर पैसे देऊ करू नकोस, त्याचा अपमान होईल. ताट भरून चिवडा पाठव. ताट रिकामं परत येणार नाही, त्या बाबतीत ती माणसं आपल्यासारखीच आहेत.

आता थंडीचं बोलते, कारण तिच्याशी खेळ नाही. आमच्या शेजारच्या काउंटीत एल्केडर म्हणून गाव आहे, तिथे 3 फेब्रुवारी 1996 ला पारा उणे 47 फॅरनहाइटवर गेला होता, म्हणजे आपल्या मापानं उणे 44 सेल्सिअसच्या घरात. असं रोज होत नाही. पण फॅरनहाइटचा शून्य, म्हणजे उणे 18 सेल्सिअस, तुला नेहमी भेटेल. त्यात ताशी 24 किलोमीटरचा वारा असला तर अंगाला उणे 28 जाणवतं आणि उघडी कातडी अर्ध्या तासात गोठते. म्हणून सकाळी तापमान पाहशील ते वाऱ्यासकट पाहा. मुलांना आतून सुती घालू नकोस, घामानं ओलं झालं की ते गारठवतं. आत लोकर किंवा सिंथेटिक, आणि हातांना बोटांच्या मोज्यांऐवजी मिटन्स, बोटं एकत्र राहिली की ऊब टिकते. एक गोष्ट फार महत्त्वाची. धाकटीला फुगीर कोट घालून कार सीटमध्ये बांधू नकोस. पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. कोट काढ, पट्टा बांध, वरून पांघरूण घाल. तुझ्या डॉक्टरसाहेबांनाही सांग, घाईत तेच विसरतील.

गाडीत पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नकोस. ब्लँकेट, फावडं, वाळूची पिशवी, टॉर्च, थोडं खायला, हे नोव्हेंबरातच डिकीत टाक. बर्फात अडकलात तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, गाडीतच थांबायचं. इंजिन अधूनमधून थोडा वेळच चालू करायचं, आणि त्याआधी उतरून मागचा धुराचा पाइप बर्फानं बुजलेला नाही ना ते पाहायचं. तो बुजला तर विषारी वायू आत शिरतो आणि त्याला वासही नसतो. हे वाचून घाबरू नकोस. एकदा सवय झाली की गॅस बंद केला का पाहतो तसं आपोआप होतं.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून तुमच्याकडे नऊ दिवस बंदुकीनं हरणाच्या शिकारीचा मोसम असतो. त्या दिवसांत रानाच्या बाजूला फिरायला जाऊच नका. जावंच लागलं तर सगळ्यांच्या अंगावर भडक केशरी हवं.

घरातलं थोडं. दही लागणार नाही, भांडं ओव्हनमध्ये ठेवून नुसता दिवा चालू ठेव. कढीपत्त्याची कुंडी दक्षिणेच्या खिडकीत आण, पानं गळली तरी टाकू नकोस, वसंतात फुटतो. कोट बंद कपाटातच टांग, दारं-खिडक्या बंद असल्या की फोडणीचा वास त्यात बसतो आणि शाळेत मुलंच अवघडतात. दुपारी ऊन असेल तेव्हा दहा मिनिटं तरी बाहेर जा, कितीही जिवावर आलं तरी. डी जीवनसत्त्व तपासून घे.

मन मात्र फेब्रुवारीत खचेल, ते आत्ताच सांगून ठेवते. त्यासाठी काहीतरी हाताशी ठेव. तुमच्या गावात 1922 सालचा स्नोफ्लेक स्की क्लब आहे. ऐन हिवाळ्यात तिथल्या उंच उतारावरून उड्यांच्या स्पर्धा होतात, लांबलांबचे खेळाडू येतात. मुलांना घेऊन जा. आणि संक्रांतीचं हळदीकुंकू कर, रथसप्तमीपर्यंत केव्हाही. मी काळी साडी आत लोकरीचे पायजमे घालून नेसते आणि शेजारणींना बोलावते. त्यांचे बूट दाराशी ओळीनं लागतात, तिळाचा लाडू खाताना त्या कृती विचारतात. नव्या वर्षाचा पहिला दिवस सरला की त्यांच्याकडे जानेवारीत असा घरोघरचा सण नाही. आपला आहे, तो त्यांना दे.

राहिली आई. तिला वाईट वाटणारच, आणि वाटू दे, त्यावर आपल्याकडे औषध नाही. पण जूनमध्ये शाळा सुटल्यावर जा. पालखी फलटणला मुक्कामी येईल त्या सुमारास गेलात तर चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण मुलांना दाखवता येईल. डिसेंबरात फलटणला जे मिळणार नाही ते त्यांना तेव्हा मिळेल. आईशी मीच बोलते, उद्या सकाळी, तिची पूजा झाल्यावर. तू फक्त दोन्ही पोरांच्या पायांची मापं कळव. आमच्या तळघरात बूट आणि स्नो पँट्स धुऊन ठेवलेल्या आहेत, पहिला बर्फ पडायच्या आत हे आणि मी घेऊन येतो. लेफ्साचा जुना तवाही आणते, आता तो तुझ्याकडेच राहू दे.