धुतलेली साडी परत आली तर?

प्रश्न : दारव्ह्यातल्या एका कुटुंबाचं कापडाचं छोटं दुकान आहे. पोळा-दिवाळीच्या गर्दीत काही गिऱ्हाइकं वापरलेला कपडा परत आणतात आणि नाही म्हटलं की चारचौघांत आवाज चढवतात. काय करावं?

उत्तर : आधी कपडा उजेडात नीट पाहावा. वीण विरलेली असेल, तर तक्रार रास्त. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी उतरवलेलीच बरी.

काठाला साबणाचा वास येतोय, फॉल लावून झालाय आणि आता रंग पसंत नाही, हे मात्र मालातलं वैगुण्य नव्हे. अदलाबदलीची अट बिलावर छापावी, विकताना तोंडीही सांगावी.

वाद घालणाऱ्याशी घरातल्या एकानेच बोलावं. बाबा नाही म्हणतात आणि मुलगा हो, हे गिऱ्हाईक लगेच हेरतं.

यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाण्याची धमकी मिळाली, तरी घाबरू नये. तो त्याचा हक्क आहे. दुकानदाराने बिलाची स्थळप्रत जपून ठेवावी.