कॉम्प्युटर बंद होत नाही? प्लग खेचायच्या आधी हे वाचा



आता बऱ्याच घरांत कॉम्प्युटर नाहीतर लॅपटॉप आलाय. पोरांचा अभ्यास त्याच्यावर आणि आपली कागदंही त्याच्यावरच. होडीची नोंदणी, परवाना, विमा, डिझेलच्या पावत्या, खलाशांचा हिशोब. 2024 साली केंद्राचा नॅशनल फिशरीज डिजिटल प्लॅटफॉर्म सुरू झाल्यापासून नोंदणीची कामंही ऑनलाइन आलीत.

रांधा भागातले मधुबन जलाशयात होडी घालणारे असोत की खाली दमणच्या किनाऱ्यावरचे बोटमालक, एक तक्रार सगळ्यांची सारखीच: "शट डाऊन केलं तरी बंद होत नाही. गोल फिरत राहतं. मग आम्ही बोर्डावरून बटणच बंद करतो."

हे रोज करू नका. बंद होताना विंडोज उघड्या फायली डिस्कवर लिहून ठेवत असतं. मध्येच वीज तोडली तर फाईल अर्धवट राहते. मग हिशोबाची वही उघडत नाही, कधी विंडोजच सुरू होत नाही. कॉम्प्युटर बंद होत नाही म्हणजे बहुतेक वेळा कोणीतरी त्याला धरून ठेवलंय. ते कोण, हे एकेक करून शोधायचं.

1) आधी थांबा. पडद्यावर अपडेट चालू असल्याचं दिसत असेल तर हात लावू नका. जुन्या मशीनवर अर्धा तासही लागतो. पावसाळ्यात लाईट जाते, म्हणून अपडेट लाईटचा भरवसा असेल तेव्हाच करा.

2) नाव वाचा. कधी पडद्यावर एखाद्या प्रोग्रामचं नाव येतं आणि खाली "शट डाऊन एनीवे" असं बटण असतं. घाईत ते दाबू नका, सेव्ह न केलेलं काम जाईल. कॅन्सल करा, तो प्रोग्राम उघडून काम सेव्ह करा, बंद करा आणि मग पुन्हा शट डाऊन करा.

3) यूएसबीला लावलेलं काढा. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, नेटचा डोंगल, चार्जिंगला लावलेला मोबाईल. सगळं काढल्यावर नीट बंद झालं, तर दुसऱ्या दिवशी एकेक लावून बघा. दोषी कोण ते कळेल.

4) फास्ट स्टार्टअप बंद करून बघा. पडदा काळा होतो पण पंखा फिरत राहतो, तेव्हा पुष्कळदा कारण हेच असतं. विंडोज 8 पासून ही सोय आलीय. यात मशीन पूर्ण बंद होत नाही, थोडा भाग डिस्कवर जपून ठेवतं म्हणजे सकाळी लवकर सुरू होतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू बघा. रोज बंद करूनही "अप टाइम" कित्येक दिवसांचा दिसला, तर ही सोय चालू आहे असं समजा.
बंद करायला: कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू". तिथे वरची "चेंज सेटिंग्ज" ही ओळ दाबा आणि खालच्या फास्ट स्टार्टअपची खूण काढून सेव्ह करा. एका वेळेपुरतं पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्टची कळ दाबून धरून शट डाऊन करा.

5) आपोआप सुरू होणारे प्रोग्राम कमी करा. टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपच्या यादीत नको ते डिसेबल करा, पण एका वेळी एकच. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा.

6) ड्रायव्हर अपडेट करा. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. नेटवर अचानक उडी मारणाऱ्या जाहिरातीतून काही उतरवू नका. "तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय" असा अनोळखी फोन आला तर कोणतंही अॅप टाकू नका, ओटीपी देऊ नका. विंडोज 10 ची नेहमीची मोफत मदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आहे, तेही लक्षात ठेवा.

काहीच चालत नसेल तर शेवटचा उपाय: पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. हेही वीज तोडल्यासारखंच आहे, म्हणून सवय लावू नका. नंतर सुरू झाल्यावर सी ड्राइव्हवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज, टूल्स, चेक एवढं करून घ्या. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी कागदं दुसरीकडे उतरवून घ्या.

आणि एक काम आजच करा. होडीच्या सगळ्या कागदांची एक प्रत पेन ड्राइव्हवर टाकून कपाटात ठेवा. कॉम्प्युटर दुरुस्त होईल, नाहीतर नवा घेता येईल. गेलेली कागदं परत काढायला मात्र ऑफिसच्या फेऱ्या माराव्या लागतात.

इतकं करूनही अडलं, तर पडद्यावर काय लिहून येतं त्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि संस्थेत घेऊन या. आपण मिळून बघू. ज्यांच्या घरी हा त्रास आहे त्यांना ही पोस्ट पाठवा.