इंग्रजी वाक्यांचा सराव : चुकीचे मूळ व उपाय

गेल्या वर्षी एका शाळाभेटीत इयत्ता सहावीच्या वर्गात इंग्रजीचा तास चालू होता. 'प्रेपोझिशन म्हणजे काय?' असे गुरुजींनी विचारताच एक मुलगी उभी राहिली. नामाच्या अथवा सर्वनामाच्या पूर्वी येऊन त्याचा इतर शब्दांशी संबंध दाखविणारा शब्द, ही व्याख्या तिने न अडखळता म्हणून दाखविली आणि वर सहा उदाहरणेही दिली. प्रस्तुत लेखकाने टेबलावरील डस्टर उचलून खोक्यात ठेवले व ते कोठे आहे, असे तिला इंग्रजीत विचारले. ती क्षणभर थांबली व म्हणाली, 'डस्टर बॉक्स इन इज.' वर्ग हसला. मुलगी खाली बसली आणि तास संपेपर्यंत तिने तोंड उघडले नाही.

शिक्षकबंधुभगिनींनो, ह्या उत्तराचा थोडा विचार करू. 'पूर्वी येऊन' ही अट जिने आताच घोकून सांगितली, तिनेच 'इन' हा शब्द नामानंतर ठेवला. शब्द तिला सर्व येत होते. नियमही येत होता. येत नव्हते ते वाक्य. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजीला प्रारंभ होतो. म्हणजे पाच वर्षे इंग्रजी शिकूनही मूल एक साधे वाक्य बोलू शकत नसेल, तर उणीव मुलाच्या बुद्धीत नसून आपल्या सरावात आहे.

चुकीचे मूळ मराठीत

त्या मुलीची चूक वेडीवाकडी नव्हती. 'डस्टर खोक्यात आहे' ह्या शुद्ध मराठी वाक्याचा क्रम तिने जसाच्या तसा राखला. मराठीत क्रियापद शेवटी येते व संबंध दाखविणारा प्रत्यय किंवा शब्द नामामागून येतो. इंग्रजीत दोहोंची जागा उलट. आपल्या वर्गांत आढळणाऱ्या पुष्कळ चुका अशाच दोन भाषांच्या सांध्यावर होतात.

'खुर्ची मोडली' हे सांगताना मूल खुर्चीला 'शी' म्हणते. कारण मराठीत निर्जीव वस्तूंसही लिंग आहे. 'माझे वडील शिक्षक आहेत' ह्याचे ते 'माय फादर आर अ टीचर' करते. कारण वडिलांस एकवचन लावणे त्याला उद्धटपणाचे वाटते. इंग्रजीत आदर क्रियापदात दिसत नाही, एवढे एकदा समजावून दिले की ते 'इज' निःशंकपणे म्हणते. 'मला दोन भाऊ आहेत' येथे मराठीत 'आहेत', तर इंग्रजीत 'आय हॅव'. 'धिस इज बुक' असे म्हणताना 'अ' गळतो, कारण मराठीत त्याच्या जोडीचा शब्दच नाही. यास्तव नाम प्रथम शिकवितानाच 'अ बुक', 'अ बॉल' असे जोडून शिकवावे.

असे सांधे शिक्षकाने पाठापूर्वी ओळखून ठेवावेत. ज्या पाड्यांवरील मुलांची घरची भाषा भिली, कोरकू किंवा गोंडी आहे, तेथे मराठीशी तुलना फारशी उपयोगी पडत नाही. तेथे वस्तू व कृती ह्यांवरच अधिक भिस्त ठेवावी.

एका पाठाचा नमुना

फळ्यावर चार स्तंभ आखावेत. पहिल्यात द चॉक, द पेन, द बॉल, द की, दुसऱ्यात इज, तिसऱ्यात इन, ऑन, अंडर, चौथ्यात द बॉक्स, द बॅग, द कॅप. प्रत्येक स्तंभातून एक घेत गेल्यास अवघ्या बारा शब्दांत छत्तीस शुद्ध वाक्ये होतात. हॅरल्ड पामर ह्या इंग्रज भाषाशिक्षकाने १९१६ साली अशा शंभर कोष्टकांचे पुस्तक प्रसिद्ध केले होते. साधन जुने असले तरी खडू व फळा एवढ्यावरच चालते.

पाठाच्या पायऱ्या अशा ठेवाव्यात :

१. ऐकणे व करणे. 'पुट द बॉल अंडर द कॅप' अशी आज्ञा द्यावी. मुलाने बोलू नये, केवळ कृती करावी.

२. सर्वांनी म्हणणे. शिक्षकाने वस्तू ठेवावी व वाक्य म्हणावे. वर्गाने ते मागून म्हणावे.

३. एकेकट्याने म्हणणे. मुलाने स्वतः वस्तू ठेवून वाक्य बोलावे.

४. प्रश्नोत्तर. 'व्हेअर इज द की?' हा प्रश्न प्रथम शिक्षकाने व नंतर मुलांनी एकमेकांस विचारावा.

५. खोटे विधान. शिक्षकाने मुद्दाम चुकीची जागा सांगावी. मुलांनी 'नो' म्हणून खरी जागा सांगावी. ह्या पायरीस वर्गात जीव येतो.

६. लेखन. बोललेल्यांपैकी पाचच वाक्ये वहीत लिहावीत.

वस्तू जागेवर नसताना वाक्य म्हणू देऊ नये, एवढे पथ्य अवश्य पाळावे. अन्यथा कोष्टकाचे पाढे होतात. सूर राहतो, अर्थ जातो. नियमाची व्याख्या द्यावयाची असल्यास ती शेवटी द्यावी. वीस वाक्ये बोलल्यावर मूल नियम स्वतःच सांगू लागते.

शब्दांचा सराव

शब्दार्थांच्या याद्या पाठ करविण्याची प्रथा अद्याप गेलेली नाही. ढाक्यास शिक्षक-प्रशिक्षणाचे कार्य केलेले मायकेल वेस्ट ह्यांनी १९५३ साली नित्योपयोगी अशा सुमारे २००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. थोडे शब्द, पण वारंवार लागणारे, हे तिचे तत्त्व प्राथमिक शाळेस आजही लागू पडते. येथे एक सूत्र ध्यानी ठेवावे : नवी रचना जुन्या शब्दांत शिकवावी व नवे शब्द जुन्या रचनेत.

जुने शब्द मुलापाशी पुष्कळ असतात. बस, सायकल, पंप, पाईप, बल्ब, कप, मोबाईल हे शब्द खेड्यातील मूल शाळेत येण्यापूर्वीच बोलते. मात्र काहींचा अर्थ आपल्याकडे पालटला आहे. 'लुक ॲट द पिक्चर' हे वाक्य ऐकून मुलास सिनेमा आठवतो. गावातील 'हॉटेल' चहाचे असते, पुस्तकातील मुक्कामाचे. हे भेद आधीच सांगावेत.

दुसरे असे की, क्रियापद एकटे शिकवू नये. 'काढणे' ह्या एका मराठी शब्दास इंग्रजीत किती रूपे पडतात, ते पाहा. चित्र काढणे म्हणजे 'ड्रॉ अ पिक्चर', फोटो काढणे म्हणजे 'टेक अ फोटो', चप्पल काढणे म्हणजे 'टेक ऑफ'. 'काढणे' ह्याचा एकच अर्थ वहीत लिहिलेले मूल फोटोही 'ड्रॉ' करील. यास्तव शब्द जोडीने द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी व पुढील आठवड्यात पुन्हा वापरवून घ्यावा.

चूक सुधारताना

मुलाने 'बॉक्स इन इज' म्हटल्यास 'चूक' असे न म्हणता, 'येस, इट इज इन द बॉक्स' असे शुद्ध वाक्य शिक्षकाने सहज म्हणावे व मुलाकडून एकदा म्हणवून घ्यावे. त्या दिवशीच्या पाठाचा जो मुद्दा असेल, तेवढाच सुधारावा. वर्गास हसू देऊ नये. चुकणारे मूल उद्या सुधारते; गप्प बसलेल्या मुलाचे काय चुकते, हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

त्या शाळेतील गुरुजींनी वरील कोष्टक महिनाभर नित्य दहा मिनिटे चालविले. पुढील भेटीच्या वेळी पाऊस पडत होता. तास संपल्यावर तीच मुलगी दाराशी आली व म्हणाली, 'सर, व्हेअर इज युवर अम्ब्रेला?' छत्री खुर्चीखाली राहिली होती. उत्तर देण्याची पाळी ह्या वेळी आमची होती.

केंद्रसंमेलनात चर्चेसाठी :

१. आपल्या वर्गातील मुलांच्या इंग्रजी वाक्यांतील दहा चुका टिपून, त्यांतील किती मराठीच्या सांध्यावरील आहेत, ते पाहावे.

२. 'आय हॅव' ह्या रचनेचे चार स्तंभांचे कोष्टक वर्गातील वस्तू घेऊन तयार करावे.

३. 'लावणे' व 'लागणे' ह्या क्रियापदांस इंग्रजीत येणारी निरनिराळी रूपे जोडशब्दांसह लिहून काढावीत.