संकल्पाकडून सवयीकडे

पहाटे उठून फिरावयास जाण्याचा निश्चय रात्री करावा आणि पहाट होताच गजराचे घड्याळ बंद करून पुन्हा पांघरूण ओढून घ्यावे, हा अनुभव सार्वत्रिक आहे. अशा माणसास बहुधा आळशी म्हटले जाते व तोही स्वतःस तसेच समजू लागतो. परंतु मानसशास्त्राच्या दृष्टीने हे निदान अपुरे आहे. निश्चय करणे आणि सवय लागणे या मनाच्या दोन भिन्न क्रिया असून पहिलीतून दुसरी आपोआप उद्भवत नाही.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा सल्ला ठाऊक नसलेले सुशिक्षित आज थोडेच सापडतील. तो वर्षानुवर्षे पाळणारेही थोडेच आहेत, आणि खरी अडचण तेथेच आहे.

महाराष्ट्रात या अडचणीवर मात केलेल्या एका व्यक्तीचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी तरुणपणी युजेन सँडो या युरोपीय मल्लाच्या पद्धतीने सुमारे दहा वर्षे व्यायाम केला. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या प्रेरणेने ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग तो नेम त्यांनी वृद्धापकाळापर्यंत चालविला. संस्थानातील शाळांतून त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. त्यांच्या पद्धतीची माहिती देणारे इंग्रजी पुस्तक लुईस मॉर्गन या पत्रकार स्त्रीच्या साहाय्याने १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. पुत्र अप्पा पंत यांनीही १९७० साली याच विषयावर पुस्तक लिहिले.

राजेसाहेबांची इच्छाशक्ती असामान्य होती, असे म्हणून हा विषय संपविणे सोपे आहे. तथापि त्या व्यायामाची घडण पाहिली असता दुसरेही एक कारण दिसते. सूर्यनमस्काराची वेळ सकाळची, म्हणजे सूर्य स्वतःच तिची आठवण करून देतो. साधन काहीच लागत नाही. पुरुषभर लांब जागा पुरते. प्रत्येक नमस्काराबरोबर सूर्याच्या बारा नावांपैकी एक उच्चारावयाचे असते, त्यामुळे एक नाव दुसऱ्यास ओढून आणते आणि मध्येच थांबणे अवघड होते. स्नान, संध्या, पूजा असा प्रातःकाळचा क्रम जेथे आधीच रुळलेला होता, तेथे हा नवा दुवा जुन्या साखळीत सहज बसला. रोज नव्याने ठरविण्याचा प्रसंगच फारसा उरला नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली सवयीचा विचार याच दिशेने केला होता. एखादी कृती त्याच परिस्थितीत वारंवार केली की तिच्यासाठी विचार खर्च करावा लागत नाही. मेंदूच्या खोल भागातील चेतापेशींचे काही पुंज या कामी महत्त्वाचे असतात, हे पुढील संशोधनाने दाखविले. म्हणूनच दात घासावे की नाही, याची चर्चा कोणी सकाळी मनाशी करीत नाही.

मग नुसत्या उपदेशाने काय साधते? इंग्लंडमधील विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा तरी वीस मिनिटे जोमदार व्यायाम करावा, अशी अपेक्षा होती. एका गटास हृदयविकार व व्यायाम यांविषयी पटवून देणारा मजकूर वाचावयास दिला. दुसऱ्या गटास तोच मजकूर देऊन शिवाय ‘अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी मी व्यायाम करीन’ असे लिहून घेतले. नुसता मजकूर वाचणाऱ्यांपैकी सुमारे ३५ टक्क्यांनी व्यायाम केला. तो मजकूर न वाचलेल्या गटात हे प्रमाण ३८ टक्के होते. वेळ व जागा लिहून देणाऱ्यांत मात्र ते ९१ टक्के निघाले. प्रयोग थोड्या काळाचा होता आणि आकडे विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेले होते, हे खरे. तरी आरोग्यपत्रके छापणाऱ्यांनी (त्यांत प्रस्तुत पुस्तिकाही आली) त्यावरून थोडे अंतर्मुख व्हावे.

सवय लागण्यास एकवीस दिवस लागतात, अशी समजूत फार पसरलेली आहे. तिचे मूळ बहुधा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन शल्यचिकित्सकाच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा रुग्णाच्या अंगवळणी पडण्यास निदान एकवीस दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. त्याचा व्यायामाशी संबंध नव्हता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी मात्र ९६ स्वयंसेवकांना ८४ दिवस प्रत्यक्ष तपासले. प्रत्येकाने न्याहारीनंतर पाणी पिणे किंवा जेवणापूर्वी धावणे अशी एखादी कृती निवडून ठरलेल्या प्रसंगी रोज करावयाची होती. ज्या ३९ जणांची प्रगती गणिती वक्ररेषेशी चांगली जुळली, त्यांत सवय स्थिरावण्याचा मध्यक काळ ६६ दिवस आला. परंतु कोणास १८ दिवस पुरले, तर कोणास २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. व्यायामास पाणी पिण्याहून अधिक काळ लागला.

याच प्रयोगातील दुसरा निष्कर्ष अधिक दिलासा देणारा आहे. जेम्स यांनी एका चुकीची तुलना गुंडाळत असलेला दोऱ्याचा गुंडा हातून निसटण्याशी केली होती. पण एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या वाढीवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही, असे येथे आढळले. जानेवारीतील कितीतरी संकल्प पहिल्या चुकलेल्या दिवशीच सोडून दिले जातात. त्या दिवसाने नुकसान थोडेच झालेले असते. ‘आता मोडलेच’ हा निवाडा अधिक घातक ठरतो.

सूर्यनमस्कार औंधापुरते राहिले नाहीत. बंगळूरचे व्यायामशिक्षक के. व्ही. अय्यर यांनी १९३७ साली त्यांवर पुस्तक लिहिले आणि आपल्या व्यायामपद्धतीत त्यांना स्थान दिले. आज त्याच शहराच्या पूर्व भागातील इंदिरानगरकडे पाहिले, तर सवयीची दुसरी बाजू ध्यानात येते. मुख्यतः निवासासाठी आखलेल्या या वसाहतीचा शंभर फुटी रस्ता आता उपाहारगृहे व दुकाने यांनी गजबजलेला आहे. दिवसभर बैठे काम करून परतणाऱ्यास तेथील वास व दिवे खाण्याची आठवण देतात. चालण्याची आठवण देणारे तेथे फारसे काही नसते. अशा ठिकाणी ‘व्यायाम वाढवीन’ हा मोघम संकल्प टिकणे कठीण.

तरी तेथेही खुणा आहेतच. २० ऑक्टोबर २०११ पासून इंदिरानगरातून मेट्रो धावते. महात्मा गांधी रस्त्याकडून घरी परतणाऱ्याने ‘गाडी हलसूरुला थांबली की उतरीन व उरलेली वाट पायी जाईन’ असे ठरविले, तर रोजची गाडीच सूर्योदयाचे काम करते. त्यासाठी वेगळा पोशाख, वर्गणी वा पहाटेचा गजर लागत नाही. बंगळुरात पावसाळी संध्याकाळी मात्र ही वाट अवघड होते. तेव्हा कोरड्या दिवसाच्या योजनेबरोबर ओल्या दिवसाचीही योजना आधीच ठरवावी लागते: पाऊस असेल तर इंदिरानगरपर्यंत जावे, स्थानकाचा सरकता जिना टाळावा आणि घरी पोहोचल्यावर, पायताण काढताच, बारा नमस्कार घालावेत.